मच्छरदाणीची परीक्षा

गडचिरोली जिल्ह्यातून आपल्या वसतिगृहात शिकावयास आलेल्या इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थ्याने एकदा संध्याकाळच्या वंदनेनंतर मला थांबवून विचारले, "सर, आमच्या घरी वाटपातली औषधाची मच्छरदाणी आहे. डास तिच्यावर बसतो आणि मजेत उडून जातो. मग तिच्यातले औषध संपले, की डासच बदलला?"

मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञानाच्या सरांकडे बोट दाखवून मला मोकळे होता आले असते. परंतु प्रश्न इतका नेमका होता, की तो टोलविणे मनाला पटले नाही. औषध संपले की डास बदलला? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांची गेली तीसेक वर्षे खर्ची पडली आहेत, हे मला त्यानंतरच्या वाचनात कळले. त्या विद्यार्थ्यास मी तुकड्यातुकड्यांनी जे सांगितले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सलगपणे मांडत आहे. आपले पालक व माजी विद्यार्थी यांपैकी अनेकांच्या घरी अशी मच्छरदाणी टांगलेली असेल. म्हणून हा विषय परका वाटू नये.

प्रारंभ इतिहासापासून करतो, कारण माझा पाय तेथेच घट्ट रोवलेला आहे. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे लष्करी वैद्यकीय सेवेतील रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनोफिलीस जातीच्या डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची वाढ होताना दिसली. या शोधासाठी 1902 सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पाठ्यपुस्तकात इतकेच असते. ज्याच्या अंगावर ते डास चावण्यासाठी सोडले होते, त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला प्रत्येक डासामागे एक आणा मिळाला होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. ती मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो; पुढे तिचा संदर्भ लागणार आहे.

हिवताप डासाच्या मादीमुळे पसरतो हे सिद्ध झाल्यावर डासाचा नायनाट हाच उपाय ठरला. पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घराच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोहीम जगभर सुरू झाली. आपल्या देशात 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो व आठ लाख लोक त्याने मरतात, असा अंदाज होता. 1965 पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. विजय झालाच, असे सर्वांना वाटले. आणि 1976 मध्ये हाच आकडा चौसष्ट लाखांच्या वर गेला. त्यास कारणे अनेक होती: यंत्रणेतील ढिलाई, पुरवठ्यातील खंड, औषधाला न जुमानणारे परजीवी. त्यांतील एक मोठे कारण असे, की ज्या डासांवर डीडीटी फवारली जात होती, ते आता तिने मरेनासे झाले होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वर्गात विचारले तर बहुतेक मुले सांगतात, "डासाला औषधाची सवय झाली." तसे होत नाही. एखाद्या डासाला त्याच्या दोन-चार आठवड्यांच्या आयुष्यात सवय लागून तो बलवान होत नाही. लाखो डासांमध्ये काही थोडे जन्मतःच वेगळे असतात. औषध इतर सर्वांना मारते, हे थोडे उरतात, आणि पुढची पिढी या उरलेल्यांचीच जन्मते. औषध जितके जास्त व जितके एकसारखे, तितकी ही निवड वेगाने होते. आपल्या विदर्भातील कापूस उत्पादकांस हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बोंडअळीवर एकेक फवारा निकामी होताना त्यांनी पाहिला आहे. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी परतलेलीही पाहिली आहे. शास्त्रज्ञ या गुणास प्रतिरोध म्हणतात.

आता मच्छरदाणीकडे वळू. साधी मच्छरदाणी फाटली की संपली. आत हात टेकला तरी डास जाळीबाहेरून चावतो. जाळीलाच कीटकनाशक लावले तर माणसाच्या वासाने आलेला डास जाळीवर बसताच मरेल, म्हणजे झोपणारा मनुष्य हेच आमिष आणि जाळी हाच सापळा, ही कल्पना 1980 च्या दशकाच्या प्रारंभी पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो येथे तपासली गेली. पुढे गांबिया, घाना, केनिया आणि बुर्किना फासो येथे मोठ्या चाचण्या झाल्या. त्या सर्वांचे सार असे निघाले, की अशा मच्छरदाणीखाली झोपणाऱ्या दर एक हजार बालकांमागे दरवर्षी पाच ते सहा बालकांचे प्राण वाचतात. ज्या प्रदेशात पाच वर्षांखालील मुलांना हिवताप गिळून टाकतो, तेथे हा आकडा फार मोठा आहे. नंतर धाग्यातच किंवा धाग्याच्या लेपात औषध बसविलेली, वीस वेळा धुतली तरी प्रभाव टिकविणारी व सुमारे तीन वर्षे चालणारी जाळी निघाली. इसवी सन 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत हिवतापाची जी सुमारे 66 कोटी प्रकरणे टळली, त्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक श्रेय या मच्छरदाण्यांचे आहे, असा हिशोब शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये मांडला. कोणत्याही लसीने वा गोळीने तोवर एवढे काम केले नव्हते.

परंतु या सर्व जाळ्यांत औषध एकाच घराण्याचे होते: पायरेथ्रॉइड. शेवंतीच्या कुळातील एका फुलात आढळणाऱ्या द्रव्याची ही कृत्रिम भावंडे. माणसाला कमी घातक आणि डासाला तत्काळ लोळविणारी. म्हणून झोपणाऱ्या बाळाच्या अंगाला लागणाऱ्या जाळीसाठी दुसरे काही चालण्यासारखे नव्हते. हेच पायरेथ्रॉइड आफ्रिकेतील कापसाच्या व भाजीपाल्याच्या शेतांवरही फवारले जात होते. डासांच्या अळ्या त्या शेतांतील डबक्यांत वाढत होत्या. म्हणजे निवडीची प्रक्रिया मच्छरदाणी पोचण्यापूर्वीच सुरू झालेली होती.

डास दोन प्रमुख मार्गांनी वाचतो. पायरेथ्रॉइड त्याच्या मज्जातंतूंतील सोडियमच्या सूक्ष्म द्वारात जाऊन बसते आणि ते द्वार मिटू देत नाही. डास थरथरतो, कोसळतो, मरतो. काही डासांत या द्वाराच्या घडणीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. कुलूप बदलले, की जुनी किल्ली लागत नाही. दुसरा मार्ग अधिक धोकादायक. डासाच्या शरीरात परक्या विषाचे तुकडे करणारी काही विकरे असतात. काही डासांत ती फार मोठ्या प्रमाणावर तयार होतात, आणि औषध मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधीच निकामी होते. या दुसऱ्या मार्गाचा उल्लेख ध्यानी ठेवावा. सर्वांत रोचक प्रकरण त्याच्याशी जोडलेले आहे.

औषध संपले की डास बदलला? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची परीक्षाही वेगवेगळी घ्यावी लागते, ही गोष्ट मला प्रथम लक्षात आली तेव्हा मी थक्क झालो. डासाची परीक्षा घ्यावयाची तर औषध ठरावीक व खात्रीचे हवे. जाळीची परीक्षा घ्यावयाची तर डास ठरावीक व खात्रीचा हवा. दोन्ही अज्ञात ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

डासाची परीक्षा अशी. गावातून अळ्या गोळा करून प्रयोगशाळेत वाढवितात. तीन-चार दिवसांच्या, अद्याप रक्त न प्यालेल्या माद्या घेतात. सुमारे पंचवीस-पंचवीस माद्या एकेका नळीत सोडतात. नळीला आतून ठरावीक प्रमाणात कीटकनाशक लावलेला कागद असतो. एक तास त्यांना तेथे ठेवून नंतर स्वच्छ नळीत घेतात, साखरपाण्याचा बोळा देतात आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजतात. शेजारीच बिनऔषधी कागदाच्या नळ्या असतात. कारण काही डास असेही मरतात, आणि ते मरण औषधाच्या खात्यावर जमा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. शंभरापैकी 98 वा अधिक मेले तर डास औषधाला बळी पडणारा. 90 पेक्षा कमी मेले तर प्रतिरोध निश्चित. मग औषधाचे प्रमाण पाचपट, दहापट करून पाहतात. दहापटीनेही पुरेसे डास मरेनात, तर त्या गावात जुन्या जाळीचे भवितव्य काय, हे सांगावे लागत नाही.

जाळीच्या परीक्षेसाठी मात्र प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, कोणत्याही औषधाने सहज मरणारा डास वापरतात. आफ्रिकेत बहुधा किसुमू नावाचा वाण वापरला जातो. केनियातील किसुमू गावावरून ते नाव पडले. जाळीच्या तुकड्यावर पारदर्शक शंकू उपडा ठेवून त्यात पाच डास सोडतात. अवघी तीन मिनिटे. मग बाहेर काढून चोवीस तास थांबतात. ऐंशी टक्के मेले तर जाळी उत्तीर्ण. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांना मुलगा उत्तीर्ण होतो. मच्छरदाणीला ती सवलत नाही. शंकूत नापास झालेल्या जाळीला आणखी एक संधी मिळते: काचेच्या एका लांब बोगद्यात भोके पाडलेली जाळी लावतात, एका टोकाला शंभर डास, दुसऱ्या टोकाला आमिष म्हणून गिनिपिग, आणि पूर्ण रात्र. किती डास पार झाले, कितींनी रक्त घेतले, किती मेले, हे सकाळी पाहतात.

म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या मच्छरदाणीवर किसुमूसारखा डास मेला असता आणि त्याच्या गावचा डास जगला असता, तर दोष डासाकडे. दोन्ही जगले असते, तर जाळीतले औषध संपलेले.

परंतु नळी व शंकू म्हणजे गाव नव्हे. खऱ्या झोपडीत डास खिडकीतून येतो, भोवती फिरतो, जाळीला बसतो, उठतो, भोक शोधतो. यासाठी पश्चिम आफ्रिकेत प्रायोगिक झोपड्या बांधलेल्या आहेत. सिमेंटची छोटी खोली. भिंतीत अशा फटी, की त्यांतून डासाला आत येता येते पण बाहेर जाणे कठीण. बाहेर पडू पाहणाऱ्या डासांसाठी जाळीचा व्हरांडा. आणि सर्व झोपडीभोवती पाण्याने भरलेली छोटी नाली. ही नाली कशासाठी, हे वाचताना मला हसू आले. मेलेले डास मोजण्याआधी मुंग्या उचलून नेऊ नयेत म्हणून! संशोधनाच्या एका आकड्यामागे किती साध्या गोष्टींची राखण करावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

या झोपडीत मच्छरदाणीला चार सेंटिमीटर लांबी-रुंदीची सहा भोके मुद्दाम पाडतात, कारण गरिबाच्या घरातली जाळी अखंड राहत नाही आणि परीक्षा त्याच अवस्थेत झाली पाहिजे. तिच्याखाली स्वयंसेवक रात्रभर झोपतात. काही माणसांकडे डास अधिक ओढले जातात. म्हणून कोण कोणत्या झोपडीत झोपणार याची रोज अदलाबदल होते. पहाटे प्रत्येक झोपडीतील मेलेले, जिवंत, रक्त प्यालेले व उपाशी डास वेगवेगळे वेचतात. या स्वयंसेवकांना प्रयोग त्यांच्या भाषेत समजावून सांगावा लागतो, त्यांची संमती घ्यावी लागते, ती कधीही मागे घेण्याची मुभा द्यावी लागते आणि आजारी पडल्यास उपचार करावे लागतात. हुसेन खानच्या एका आण्यापासून येथपर्यंतचे अंतर कापण्यास जगाला शतक लागले.

2007 साली बेनिन देशातील अशाच झोपड्यांचे निष्कर्ष राफाएल न्गेसाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. देशाच्या उत्तरेला मालांविल. तेथील डास औषधाला बळी पडणारे. दक्षिणेला कोटोनू शहराजवळचे लाद्जी. तेथील डास प्रतिरोधी. मच्छरदाणी एकाच प्रकारची. मालांविलच्या झोपडीत आलेल्या डासांपैकी 98 टक्के मेले. लाद्जीत 30 टक्के. भोके पडलेली जाळी लाद्जीतील झोपणाऱ्याचे रक्षण जवळजवळ करीतच नव्हती. एकाच देशात, एकाच जाळीखाली, एक माणूस सुरक्षित व दुसरा उघडा. आणि दोघांचीही समजूत आपण सुरक्षित आहोत अशीच.

यावर उपाय म्हणून प्रथम पीबीओ, म्हणजे पायपरोनिल ब्युटॉक्साइड, हे द्रव्य पायरेथ्रॉइडच्या जोडीला जाळीत घालण्यात आले. ते स्वतः डासाला मारीत नाही. विष फोडणाऱ्या विकरांना ते अडवून धरते. टांझानियातील मुलेबा येथील चाचणीत या जाळीने मुलांमधील हिवताप लक्षणीय घटविला आणि 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सशर्त मान्यता दिली.

दुसरे द्रव्य क्लोरफेनापिर. हे मूळचे शेतीतले कीटकनाशक. आणि याचीच कथा मला सर्वांत उद्बोधक वाटते. ते मज्जातंतूंवर काम करीतच नाही. डासाच्या पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाच ते खीळ घालते. शिवाय मूळ रूपात ते तितके विषारी नसते. डासाच्या शरीरातील विकरे त्याचे रूपांतर करतात, तेव्हा कुठे ते प्राणघातक बनते. आणि ही विकरे कोणती? पायरेथ्रॉइड फोडून डासाला वाचविणाऱ्या विकरांच्याच कुळातली! ज्या शस्त्राने डास एका विषातून सुटतो, तेच शस्त्र दुसरे विष तयार करते.

इतके चांगले द्रव्य, तरी ते शंकूच्या परीक्षेत सपशेल नापास होत होते. तीन मिनिटांचा स्पर्श, चोवीस तासांनी मोजणी, आणि डास जिवंत. कारण क्लोरफेनापिर सावकाश मारते. त्याला अठ्ठेचाळीस-बहात्तर तास लागतात. शिवाय डासाच्या शरीरातील हालचाल मंद असेल तर विषाचे रूपांतरही मंद होते. अ‍ॅनोफिलीस हा निशाचर. दिवसा उजेडी, प्रयोगशाळेच्या सोयीच्या वेळी, झोपेत असलेला डास शंकूत कोंबून परीक्षा घेतली, तर उत्तर चुकणारच. रात्रीच्या बोगद्यात आणि प्रायोगिक झोपडीत, बहात्तर तास वाट पाहून मोजले, तेव्हा तीच जाळी प्रतिरोधी डासांवरही प्रभावी ठरली.

शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या मला हा भाग वाचताना स्वतःच्या वर्गातील काही चेहरे आठवले. तीन तासांच्या लेखी परीक्षेत गप्प बसणारी, आणि रात्री वसतिगृहाच्या ओट्यावर गोष्टी सांगताना सबंध इतिहास जिवंत करणारी मुले. आम्ही त्यांना नापास केले. प्रश्नपत्रिका मात्र कधी तपासली नाही. असो. हा विषयांतराचा मोह झाला.

केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून वा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः पारखून घ्या. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, तथागतांनी आपला शब्दही अंतिम व अचूक असल्याचा दावा केला नाही, हे विशेषत्वाने मांडले. हे वचन आपण सभासमारंभांत वारंवार सांगतो. परंतु पारखण्याची रीत स्वतःदेखील पारखावी लागते, हा त्याचा पुढचा अर्थ मला क्लोरफेनापिरच्या प्रकरणाने उलगडला.

डास मरणे आणि बालक हिवतापापासून वाचणे यांतही अंतर आहे. ते मोजण्यासाठी गावेच्या गावे घ्यावी लागतात. टांझानियातील मिसुंग्वी जिल्ह्यात, म्वान्झा येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या जॅकलिन मोशा व सहकाऱ्यांनी 84 वस्तीगट निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्या न्यायाने त्यांची चार भागांत विभागणी केली. जानेवारी 2019 मध्ये घरोघरी जाळ्या पोचल्या: एका भागात केवळ पायरेथ्रॉइडची नेहमीची जाळी, दुसऱ्यात पीबीओची, तिसऱ्यात पायरिप्रॉक्सिफेन नावाच्या, मादीला वंध्य करणाऱ्या द्रव्याची, चौथ्यात क्लोरफेनापिरची. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तुलनेसाठी कोणत्याही वस्तीला मच्छरदाणीविना ठेवले नाही. त्या काळी जी प्रमाण जाळी होती, ती किमान सर्वांना मिळाली.

दोन वर्षांनी मुलांची रक्ततपासणी झाली. नेहमीच्या जाळीच्या वस्त्यांत 45.8 टक्के मुलांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी होते. पायरिप्रॉक्सिफेनच्या वस्त्यांत 37.5 टक्के, पीबीओच्या वस्त्यांत 40.7 टक्के. क्लोरफेनापिरच्या वस्त्यांत 25.6 टक्के. पीबीओचा लाभ पहिल्या वर्षी स्पष्ट दिसला होता, दुसऱ्या वर्षाअखेर तो फारसा उरला नाही. मुलांना प्रत्यक्ष ताप येण्याचे प्रमाण क्लोरफेनापिरच्या वस्त्यांत दोन वर्षांत 44 टक्क्यांनी कमी राहिले. पुढे बेनिनमध्ये मॅनफ्रेड अ‍ॅक्रोम्बेसी व सहकाऱ्यांच्या चाचणीत ही घट 46 टक्के आढळली. दोन टोकांचे दोन देश, डासांच्या जातीही सरसकट सारख्या नव्हेत, आणि उत्तर जवळपास एकच. मार्च 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जेथे डास पायरेथ्रॉइडला प्रतिरोधी आहेत तेथे केवळ पायरेथ्रॉइडच्या जाळीऐवजी क्लोरफेनापिरयुक्त जाळी द्यावी, अशी ठाम शिफारस केली. ही शिफारस कागदावर आली त्यामागे मुख्यतः आफ्रिकेतील संशोधक, आफ्रिकेतील झोपडीत झोपणारे स्वयंसेवक आणि पहाटे डास वेचणारे आफ्रिकेतील तंत्रज्ञ होते. रॉस यांच्या काळी अशा माणसांची नावे अहवालाच्या शीर्षस्थानी येत नसत, आता येतात.

याचा अर्थ प्रश्न सुटला असा नव्हे. 2023 या एका वर्षात हिवतापाने जगात सुमारे 5 लाख 97 हजार माणसे मेली. त्यांतील 95 टक्के आफ्रिका विभागात, आणि तेथील मृतांत चारांपैकी तीन पाच वर्षांखालील. मिसुंग्वीतच दोन वर्षांनंतर जाळी वापरणाऱ्यांची संख्या बरीच घटली होती, कारण जाळ्या फाटल्या. आणि क्लोरफेनापिर जर पुन्हा भाजीच्या वाफ्यांवर बेसुमार फवारले गेले, तर त्याचीही गत पायरेथ्रॉइडसारखी होण्यास अडचण काहीच नाही.

परंतु मला अधिक अस्वस्थ करणारी हकीकत पापुआ न्यू गिनीची आहे. तेथे अनेक वर्षे घरोघर जाळ्या वाटल्या जात होत्या आणि तरीही हिवताप वाढत होता. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 2013 नंतर बनलेल्या कोऱ्या, न उघडलेल्या जाळ्या शंकूत तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य जाळ्या अगदी सहज मरणाऱ्या डासालाही पुरेशा प्रमाणात मारीत नव्हत्या. त्यापूर्वीच्या जुन्या जाळ्या मात्र मारीत होत्या. म्हणजे येथे डास बदलला नव्हता. जाळी बदलली होती, आणि ती गोष्ट वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानी आली नाही. बाजारात पैसे मोजून घेतलेली वस्तू ग्राहक उलटीपालटी करून पाहतो. मोफत मिळालेली वस्तू पारखण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे घेणाऱ्याला वाटत नाही आणि देणाऱ्यालाही वाटत नाही. "फुकट मिळाले, वर तक्रार कशाला?" हे वाक्य आपल्या वस्त्यांनी रेशनच्या धान्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सर्वत्र ऐकले आहे. ते वाक्य मच्छरदाणीच्या बाबतीत एखाद्या बालकाच्या जिवावर बेततें. म्हणून माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न मला केवळ विज्ञानाचा वाटला नाही. तो हक्काचा प्रश्न होता.

आपल्या वसतिगृहात किसुमू वाणाचे डास नाहीत, नळ्या नाहीत, बोगदे नाहीत. मग आपण काय करू शकतो? जाळी नवी असेल तर वापरण्यापूर्वी एक दिवस सावलीत मोकळी टांगावी. साध्या साबणाने, आपटल्याशिवाय धुवावी आणि उन्हात न वाळविता सावलीत वाळवावी. ऊन औषध खाते. धुतलेले पाणी तलावात, ओढ्यात सोडू नये, मासे मरतात. घरातील किंवा शेजारच्या मुलास थंडी वाजून ताप आला तर मच्छरदाणीवर विसंबून न राहता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आणि भोके मोजावीत.

भोके मोजण्याचीही शास्त्रशुद्ध पद्धत आहे आणि तिला यंत्र लागत नाही. अंगठाही जाणार नाही, ते पहिल्या आकाराचे भोक. अंगठा जाईल पण मूठ जाणार नाही, ते दुसऱ्या आकाराचे. मूठ जाईल पण डोके जाणार नाही, ते तिसऱ्या. डोके जाईल ते चौथ्या. पहिल्या आकाराच्या भोकाला 1, दुसऱ्याला 23, तिसऱ्याला 196 आणि चौथ्याला 576 असे भार देऊन प्रत्येक जाळीची बेरीज करतात. ती 64 च्या आत असेल तर जाळी चांगली, 642 च्या वर गेली तर टाकाऊ.

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या मुलांनी वसतिगृहातील प्रत्येक मच्छरदाणी अशी तपासली. अंगठा, मूठ आणि डोके घालून पाहताना हसण्याचा कल्लोळ झाला, पण वहीतील बेरजा चोख होत्या. ज्या जाळ्या शिवण्याजोग्या होत्या त्या मुलांनी रविवारी दुपारी सभागृहात बसून शिवल्या. टाकाऊ ठरलेल्यांची यादी कार्यालयात दिली आणि तिच्याखाली त्या गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढविली: नवीन जाळ्या मिळतील तेव्हा त्यांत कोणते औषध आहे, ते वेष्टनावर पाहून कृपया आम्हांस कळवावे.